न चाखलेलं पाणी

मांडवीतलं जे घर मी घ्यायला निघालो होतो, त्याचे मालक कधी बसत नसत. जन्म जहाजावर काढलेला माणूस. मला खुर्ची देत आणि स्वतः पडवीत येरझाऱ्या घालत. किमतीचा विषय निघाला की माडांना पाणी सोडायला जात.

बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत चार लाखांनी कमी धरली, त्यामुळे माझं कर्जही घटलं. "तेवढे सोडा," म्हणून मी तीन आठवडे घासाघीस करत होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "त्याने भिंती मोजल्यान, घर नाय बघितलंन."

काल मात्र येरझाऱ्या घालता घालता म्हणाले, "सोडले चार लाख." मला हायसं वाटतंय तोच त्यांनी विहिरीतून तांब्या भरून आणला.

"प्या."

पाणी मचूळ होतं.

"मे महिनाभर असंच असतं. त्या बँकवाल्याने कागदावर विहीर लिवलीन, पाणी चाखलंन नाय. आता आणखी काय कमी करायचं ते सांगा."

एवढं बोलून ते पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले, अगदी निवांत. मीच उठलो आणि हातात तांब्या घेऊन पडवीत फेऱ्या मारू लागलो.