उलट्या वेढ्याची मूठ

बंदरामागच्या गल्लीत, तिसऱ्या गाळ्यात, मावशी मुठी बांधायची. वल्हं आणा, सुकाणूचा दांडा आणा, कोणाची काठी आणा; ती त्यावर भिजवलेली सुती दोरी गुंडाळून गाठींची नक्षी उठवायची. मग गिऱ्हाइकाला बाकावर बसवून ओली मूठ पाव तास घट्ट धरायला लावायची. दोरी वाळताना आवळते आणि बोटांच्या खाचा तिच्यात कायमच्या राहतात. "दुसऱ्याच्या हातात देऊ नका," ती प्रत्येकाला बजावायची, "मग तुमची राहणार नाही."

हे काम मूळचं तिच्या नवऱ्याचं. तो डावखुरा, बाकाच्या डाव्या टोकाला बसून बांधायचा; त्याचे वेढे सगळ्यांच्या उलटे जात. डाव्या हाताची तर्जनी दोर ओढायच्या चरखीत सापडून अर्धीच उरली होती. नऊ वर्षांपूर्वी तो एका बोटीवर गेला. बोट परत आली, तो आला नाही. मधे कुठे उतरला, हे बोटीवरच्या एकालाही सांगता आलं नाही.

गाळा त्याच्याच नावावर राहिला. महिनाअखेरीपर्यंत तो मावशीच्या नावावर झाला नाही, तर बंदराचं ऑफिस दुसऱ्याला देणार होतं. त्यासाठी नवरा मेला असं तिने लिहून द्यायचं होतं. मुलीने सोमवारची वेळ घेतली.

शनिवारी सकाळी फेरीबोटीचा सारंग आदल्या दिवशी नेलेला आकडा, बोट धक्क्याला ओढायचा तो लांब दांडा, घेऊन परत आला.

"मावशी, ही मूठ माझी नाही."

"परवा पाव तास धरून बसला होतास की. तेवढा वेळ तोंडही बंद नव्हतं तुझं."

"बसलो होतो ना. पण ही बघा. माझं बोट काय उंदराने खाल्लं?"

मावशीने मूठ खिडकीशी धरून पाहिली. वेढे उलटे होते. खाचा डाव्या हाताच्या, आणि तर्जनीची अर्ध्यातच संपलेली.

"आई, तूच बांधलीस," मुलगी म्हणाली. "लक्ष नसेल तुझं."

"उलटं बांधायला आधी यायला नको?"

मुलीने मग सोक्षमोक्षच लावायचा ठरवला. मावशीने सगळी दोरी सोडली आणि तिच्यादेखत नेहमीच्या बाजूने बांधली. सारंगाने उजव्या हाताने पाव तास धरली, या वेळी मुकाट्याने. आकडा वाळायला खिळ्याला टांगला. कुलूप मुलीने लावलं, चावी तिच्या पर्समध्ये गेली. चार वाजता तिघं परत आली, तेव्हा कुलूपही तिनेच काढलं.

आकडा बाकावर आडवा होता. मूठ कोरडी, वेढे उलटे. बाकाचं डावं टोक तेवढं ओलं होतं.

मुलीने हातातल्या चावीकडे पाहिलं. सारंग उंबऱ्याच्या आत आलाच नाही. "राहू दे तुमच्याकडे," म्हणाला. "मी नवा घेतो."

सोमवारी बंदराच्या ऑफिसात कारकुनाने रकाने भरायला घेतले.

"शेवटचे कधी दिसले?"

"दिसले नाहीत. शनिवारी काम करून गेले."

कारकून हसला. "मग मेले असं कसं लिहू, मावशी?"

"नका लिहू."

मुलीने या कागदासाठी दोन महिने खेटे घातले होते. तिने आईची पिशवी उचलली आणि उठली.

गाळा गेला. तिथे आता इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री बसतो. मावशी समोरच्या जिन्याखाली बसते. बाक तिने बरोबर आणला आहे आणि त्याचं डावं टोक रिकामं ठेवते. सुरुवातीचे काही दिवस ती रोज एक ओली मूठ तिथे ठेवून जेवायला जायची. परत येऊन पाहावं, तर मूठ नुसती वाळलेली असायची, जशी ठेवली तशी.

परवा मिस्त्री हातोडा घेऊन गल्ली ओलांडून आला. हातोड्याच्या दांड्यावर दोरी होती, गाठींची नक्षी होती.

"मावशी, चेष्टा करताय का माझी? सकाळी साधा लाकडी दांडा होता याला."

मावशीने हातोडा हातात घेतला नाही. "बसतो का हातात?"

"कसला बसतोय! बोट अधांतरी राहतंय."

मावशीने गाळ्याच्या दाराकडे पाहिलं.

"होता तिथे ठेव," ती म्हणाली. "त्यांना लागेल."