माझं दुखणं नवऱ्याला विचारलं

डॉक्टरांनी माझ्या पाठीवरचा हात काढला आणि नवऱ्याला विचारलं, "हिला झोप लागते का?"

"लागती की. घोरतीबी."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावरच्या बाया हसल्या. मी मान खाली घातली.

भवानी पेठेतल्या कारखान्यात मी टॉवेलच्या कडा शिवते. मानेपासून कमरेपर्यंत कळ, तिला सुटी म्हणून नाही. फोटो काढले, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, फार दिवसांचं दुखणं असलं की मनही तपासावं लागतं. बरोबरच होतं ते. पण मन माझं आणि उत्तरं नवऱ्याची. आमच्यात रीतच आहे तशी. बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं, नाहीतर सासूनं. बाई मधे बोलली तर आगाऊ. शिकलेल्या डॉक्टरांनाही ही रीत सोयीची वाटली.

"रडते का?"

"बायकाच त्या. रडत्यात की."

"जीव नकोसा झालाय म्हणते का?"

"छ्या. मजेत हाय."

जीव नकोसा झाला होता. लेक शाळेतून घरी येते, तेवढ्यासाठी थांबले होते. पण हे बोलायचं कसं? माझ्या मावशीला 'डोक्यात बिघाड' म्हणून सासरच्यांनी वळसंगला माहेरी आणून टाकलं. पोरं ठेवून घेतली. अजून शाळा सुटली की ती पोरांची वाट बघत रस्त्यात उभी राहते.

डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "पाठीत काही नाही. हिच्या डोक्यातच आहे सगळं. नाटकं असतात बायकांची."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. अशाच नजरेनं सगळे मावशीकडं बघायचे.

"चल," तो म्हणाला.

मी उठले नाही.

"ह्यास्नी भायेर पाठवा," मी म्हणाले. आवाज चिरकला. "मन माझं हाय. मला इचारा की. दार लावून."

"बाई, बाहेर रांग आहे."

"असू द्या. पयल्यापास्नं इचारा."

नवऱ्याचे दात आवळले गेले. घरी काय वाढून ठेवलंय ते मला कळलं. तरी बसून राहिले. शेवटी तो पाय आपटत बाहेर गेला. डॉक्टरांनी दार लावलं, झोपेचं पुन्हा विचारलं.

"लागत न्हाय," मी म्हणाले. मग जीव नकोसा झाल्याचंही सांगितलं. जीभ अडखळली, पण सांगितलं. त्यांनी मनासाठी गोळ्या दिल्या आणि पाठही पुन्हा तपासायला घेतली.

पाठ अजून दुखते. नवरा धड बोलत नाही. परवा सासू म्हणाली, "पोरगीला हितंच ठेव अन् जा वळसंगला, मावशीगत."

भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण मी जाणार नाही. गोळ्या घेईन, सगळ्यांसमोर घेईन. वेडी म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. लेक माझ्याजवळच राहील, आणि माझ्या जिवाचं यापुढं मीच सांगेन.