पुढे रस्ता निघतो ना?

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतका वाकडा माणूस सबंध वसईत नाही, आणि या गृहस्थाला हट्ट मात्र सरळ वाटेचा. नंदाखालला त्यांची केळी-नारळीची वाडी. पूर्वी या वाडीतून त्या वाडीत, कुणाच्या विहिरीवरून, कुणाच्या पडवीला वळसा घालून माणूस निर्मळपर्यंत जाई आणि त्याला कुणी हटकत नसे. मामा परवापरवापर्यंत तसेच जात. मध्ये सोसायटी उगवली तर तो दोष सोसायटीचा. एकदा वॉचमनला न जुमानता ते एका कॉम्प्लेक्सात शिरले, पार्किंगमधल्या बारशात पेढा खाऊन मागच्या भिंतीशी पोचले. भिंतीला दार नाही. परत येऊन त्यांनी सेक्रेटरीला बोलावून घेतलं. "हा पुढे निघत नाही, तर याला रस्ता कशाला म्हणता? गोठा म्हणा."

शहर वाढतंय, हे त्यांना थोतांड वाटतं. "वाढलं काय डोंबल. सगळ्या गल्ल्या मेन रोडला भेटतात, एकमेकींची तोंडं बघत नाहीत. मग माणिकपूरला रिक्षा तुंबणार नाहीत तर काय?" हे व्याख्यान ऐकून एका रिक्षावाल्याने त्यांना मध्येच उतरवलं. मामा खूश, कारण तिथून म्हणे जवळची वाट होती.

मुलाने वाडीमागे भिंत घातली, तेव्हा मामा गवंड्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि टोपलीवाली बाई जाईल एवढी फट सोडायला लावली. फटीपलीकडे, पडवीतून दिसणार नाही असं जरा बाजूला, आमच्या सोसायटीचं मागचं गेट. येणाऱ्याला टोल एकच: कुठून आलात, कुठे निघालात आणि केळं खा. पुढे गुडघे गेले, फिरणं संपलं. मागच्या पडवीत बसून फटीतून येणारी माणसं बघणं, एवढंच त्यांना उरलं.

आणि आमच्या सोसायटीला सुरक्षेचा झटका आला. मी सभेत भांडलो, हरलो. गेट काढून तिथे विटा चढल्या. मामांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. आता मी रिक्षाने मोठा वळसा घालून वाडीच्या पुढच्या बाजूला उतरतो, केळींतून लपतछपत मागे जातो आणि फटीकडून ऐटीत चालत येतो.

काल त्यांनी विचारलं, "जावई, हल्ली तुम्ही एकटेच येता. बाकीची मंडळी?"

"कामात असतात, मामा."

"मग त्यांच्या वाटची पण न्या." त्यांनी केळ्यांचा अख्खा फणा माझ्या हातात दिला. "पुढे रस्ता निघतो ना?"

"निघतो की."

ते बघत होते, म्हणून मला फटीतूनच जावं लागलं. पलीकडे हातभर बोळ, समोर आमची भिंत, दोन्ही टोकं बंद. मामा आत जाईपर्यंत मी तिथे उभ्या उभ्या केळी खात होतो. मामा काही लवकर आत गेले नाहीत.