अंधारात ठेवायचा मासा

आमचे पणजोबा देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दरबारात नोकरीला होते. काम एवढंच, की आलेल्या पाहुण्याला आत न्यायचं आणि महाराजांसमोर उभं करायचं. त्याबद्दल त्यांना एक पागोटं मिळालं होतं, आणि त्या पागोट्याच्या जोरावर घरातल्या पुढच्या पिढ्या ताठ मानेनं वावरल्या. मी धारच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे असल्या थाटामाटाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत मी तसं समजत होतो.

थोरले बंधू, म्हणजे दादा, देवासच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाले, मुलगा इंदूरला स्थायिक झाला, वहिनी गेल्या. मग त्यांनी वहिनींच्या शिलाई मशीनच्या जागी काचेची टाकी मांडली आणि तिच्यात समुद्र तयार करायला घेतला. ज्या गावाला एकेकाळी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात, बैठकीच्या खोलीत. दोन महिने टाकीत नुसतं खारं पाणी आणि दगड. मी विचारलं, "मासा कुठाय?" तर म्हणाले, "आधी पाणी राहण्याजोगं होऊ दे. आपल्याकडे आधी माणूस आणतात, मग घर बघतात."

शेवटी मी दादांकडे मुक्कामाला असताना आम्ही दोघं इंदूरला जाऊन मासा घेऊन आलो. बोटाएवढा, पुढून जांभळा, मागून पिवळाधमक. नाव रॉयल ग्रामा. "पागोटं तेवढं राहिलं," मी म्हणालो. दुकानदारानं पिशवीला गाठ मारता मारता सांगितलं, "भिया, रंग उड़ेगा, घबराना मत. हफ्ताभर लाइट बंद, और घर में मेला मत लगाना."

माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून दादांनी सलाईनची नळी लावून टाकीतलं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं. तासभर ते स्टुलावर बसून थेंब मोजत होते. मग मासा टाकीत सोडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग गेला. जांभळा राखेसारखा झाला, पिवळा शिळ्या वरणासारखा. तो दगडाच्या कपारीत शिरला आणि छताला पोट लावून उलटा राहिला. मला वाटलं, संपला. दादा म्हणाले, "नाही रे, ती त्याची सवयच आहे. रंग गेलाय तो भीतीनं. कुणी बघितलं नाही तर येईल परत." त्यांनी टाकीवर जुनी चादर टाकली आणि दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी दादांच्या छातीत कळ आली. मुलगा त्यांना इंदूरच्या इस्पितळात न्यायला गाडी घेऊन आला. मी माझे कपडे भरू लागलो, तर दादा म्हणाले, "तू येऊन काय करणार? तिथे डॉक्टर आहेत. इथे कुणी नाही. तू माशाजवळ बस."

मी बसलो. रोज सकाळी चिमूटभर खाणं टाकायचं, चादरीच्या फटीतून एकदा बघायचं, बस. चौथ्या दिवशी शेपटीकडे पिवळा उमटलेला दिसला. फोनवर सांगितलं. दादांनी तो कुठवर चढलाय ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "जांभळा यायला अजून तीनेक दिवस. तोवर तेवढं सांभाळ." स्वतःच्या हृदयात स्टेंट बसवायचा होता, त्याबद्दल त्यांनी एवढ्या आस्थेनं काही सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मराठी मंडळाचे अध्यक्ष समाचाराला आले. हे गृहस्थ दोन माणसांतही सभेत बोलल्यासारखं बोलतात. "दादासाहेबांची प्रकृती ही केवळ त्यांची खाजगी बाब नाही," त्यांनी चहाचा कप हातात घेऊन मला सांगितलं. दादा घरात नाहीत हे कळल्यावर त्यांची नजर चादरीकडे गेली.

"समुद्र आणलाय म्हणे देवासला. दर्शन तरी घडवा."

"उजेड करायचा नाहीये अजून. मासा नवा आहे."

"अरे भिया, एक मिनिट. हम कोई खा थोड़ी जाएँगे."

त्यांनी आग्रह केला असं म्हणून मी सुटू शकतो, पण ते खरं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं. चादर मी ओढली. चिकटपट्टी मी नखानं सोडवली. मलाच तो पिवळा दाखवायचा होता. पाहुणा आत आणायचा आणि समोर उभा करायचा.

दिवा लागला. मासा कपारीत उलटा होता. "गेला वाटतं," अध्यक्ष म्हणाले आणि अंगठीनं काचेवर टकटक केलं. मी "नको" म्हणेपर्यंत त्यांच्या मोबाइलचा फ्लॅश पडला. मासा दगडावर आपटला, काचेवर आपटला आणि तळाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. कंदिलाची वात उतरवावी तसा पिवळा उतरत गेला. "रंग काही खास नाही," अध्यक्ष म्हणाले.

त्या संध्याकाळी दादांनी फोनवर विचारलं, "कसा आहे?" मी "ठीक" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही "ठीक"च म्हणालो. मासा खात नव्हता.

दादा घरी आले ते भिंतीला हात लावत. आधी टाकीपाशी गेले. चिकटपट्टी मी परत लावली होती, पण तिरकी. त्यांनी ती अंगठ्यानं सरळ केली.

"कोण आलं होतं?"

मी सांगितलं. सगळं.

"चहा दिलास ना?" दादांनी विचारलं आणि ते पलंगावर जाऊन आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी चहाच्या गाळणीनं मासा बाहेर काढला. तगरीच्या कुंडीत पुरताना म्हणाले, "कदाचित तसाही जगला नसता." माझ्यासाठी म्हणाले, हे मला कळलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात अध्यक्ष पुन्हा आले, या वेळी शाल, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन. दादा आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, चेहरा राखेच्या रंगाचा, खिडकीचा पडदा ओढलेला. मी दारात उभा राहिलो.

"दादा झोपलेत."

"फोटोपुरतं, एक मिनिट."

"झोपलेत."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मी बाजूला झालो नाही. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. शाल परत नेली, कारण शालीला फोटो लागतो. पणजोबांची नोकरी आमच्या घराण्यातून त्या दिवशी सुटली.

आतून दादांनी विचारलं, "गेले?"

"गेले."

मासा नसलेल्या टाकीचा पंप चालूच होता. तो बंद करू का, हे विचारायचा धीर मला तोवर झाला नव्हता.

"पाणी आटलंय थोडं," दादा म्हणाले. "तांब्याभर गोडं घाल. मीठ उडून जात नाही."

मी चादर जरा वर उचलली आणि दिवा न लावता पाणी घातलं.