शेवटची दहा मिनिटं

बाबूराव शिर्के तेवीस वर्षं एका टॉकीजचे डोअरकीपर होते, आणि तेवीस वर्षांत त्यांनी एकही पिक्चर सुरुवातीपासून पाहिला नाही. खेळाआधीच्या जाहिराती सुरू झाल्या की टॉर्च दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवायचं, दारं लावायची आणि बाहेर सायकल स्टँड सांभाळायचा. संपायला दहा मिनिटं राहिली की आत येऊन पडदे सारायचे, कड्या काढायच्या आणि दाराशी उभं राहायचं. त्यामुळे प्रत्येक पिक्चरची शेवटची दहा मिनिटं तेवढी त्यांच्या वाट्याला आली.

"मला खुनी माहीत असायचा, ताई," ते म्हणायचे. "खून कोणाचा झाला, ते नाही."

त्यांचे वडील मिलमध्ये होते, घर मिलजवळच्या परदेशीपुऱ्यात. टॉकीज बंद पडल्यावर बाबूरावांनी आठ-दहा वर्षं इकडेतिकडे काढली आणि मग विजय नगरला आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून आले. सात वर्षं तिथे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा एक किस्सा ठरलेला असे. खुनाच्या पिक्चरला कोणी सीटवरून दादागिरी केली, तर बाबूराव त्याला अदबीनं खुर्चीपर्यंत नेत, टॉर्च विझवत आणि कानाशी वाकून सांगत, "भिया, खून मुनीम ने किया है. अब आराम से देखो." मॅनेजरकडे तक्रार गेली की म्हणत, "साहब, मैंने तो सीट बताई."

मला त्यांची एक गोष्ट लक्षात राहिली आहे. त्यांनी दाराशी उभं राहून बाहेर पडणारे चेहरे फार पाहिले होते. घरगुती पिक्चरची पब्लिक डोळे पुसत, गप्प बाहेर यायची. खुनाच्या पिक्चरची हसत, मोठमोठ्यानं बोलत. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "क्यूंकि खुनी अपने मोहल्ले का नहीं निकला ना, ताई. सुटलो एकदाचे."

मी हसले होते. पण माझंही तेच आहे. ओटा आवरून झाला की मी रोज क्राइमचे एपिसोड लावते. कोणाची तरी मुलगी घरी येत नाही, आई फोन करत राहते, आणि पाऊण तासात पोलीस कोणाला तरी धरतात. त्याशिवाय मला झोप लागत नाही. माझी ईशा सोळा वर्षांची आहे. क्लासवरून यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी गॅलरीत जाऊन उभी राहते. एपिसोडमध्ये पहिला संशय नेहमी वॉचमनवर असतो, हेही मला पाठ झालं होतं.

ईशा येताजाता बाबूरावांच्या केबिनपाशी थांबायला लागली. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, बाबूकाका आहेत ना." एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. दोघांची माझ्याकडे पाठ होती. मला बाबूरावांचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं, "पर घर पे मत बताना, बेटा."

पिशवी हातातच राहिली. ईशाला मी काही विचारलं नाही, त्यांनाही नाही. सरळ सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपादजी यांच्याकडे गेले आणि लिहून दिलं. त्यातलं एक वाक्य अजून आठवतं, 'मुली असलेल्या घरांनी असा धोका का घ्यावा?' तिसऱ्या दिवशी गेटवर नवा माणूस होता. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं बाबूरावांना शहराबाहेर सिमरोलच्या बाजूला एका गोदामावर पाठवलं होतं.

ईशानं दोन दिवस शोध घेतला आणि मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, तू तक्रार केलीस?"

"ते तुला म्हणाले, घरी सांगू नको. मी ऐकलं."

"काय सांगू नको ते ऐकलंस?"



तिनं दप्तरातून वही काढून माझ्यापुढे टाकली. एका बाजूला बाबूरावांनी सांगितलेले शेवट, दुसऱ्या बाजूला तिनं रचलेल्या सुरुवाती. असा त्यांचा खेळ चालला होता. एका पानावर तीन वेळा खाडाखोड होती. पिक्चर जुना, पंचवीस आठवडे चाललेला, रोज चार खेळ. शेवटी पोलीस खुन्याला नेतात, तेव्हा हिरॉइन त्याला थांबवून पेलाभर पाणी देते. बाबूरावांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं आणि ती पाणी का देते, ते त्यांना कधीच कळलं नव्हतं.

"ते म्हणाले, खुनी कोण ते घरी सांगू नको, आई बघेल तेव्हा मजा जाईल. तुझ्यासाठी म्हणाले, आई." मग दाराकडे जाता जाता म्हणाली, "तू लाव तुझं क्राइमवालं. बघ अजून."

मी बाबूरावांना फोन केला. त्यांना तक्रार कोणाची ते माहीत होतं. आवाज थकलेला होता. दोन बस बदलून जावं लागतं, गुडघे साथ देत नाहीत, म्हणाले. एजन्सीनं सांगितलं होतं, महिनाभरात जमत नसेल तर घरी बसा. आणि नावापुढे लेडीज कंप्लेंट लागल्यावर दुसरी जागा कोण देणार?

"मी चुकले, बाबूराव."

"नहीं ताई. मुलगी आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही..."

रविवारी मीटिंग होती. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मी अर्धंच ऐकलं होतं. श्रीपादजी चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुम्हीच लिहून दिलं होतं ना? अब आप ही कह रही हो, आदमी अच्छा है." मागून कोणीतरी म्हणालं, "पर बेटी वाले घरों में रिस्क क्यों लेना?" माझंच वाक्य होतं ते. मी पुन्हा पुन्हा इतकंच म्हणत राहिले की तक्रार खोटी होती, ती मागे घेते, तसं लिहून घ्या. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की बाबूराव परत येतील, पण मागच्या गेटवर. तिथून कचरागाडी आणि पाण्याचे टँकर जातात. मुलं जात नाहीत. मी हो म्हटलं. अजून भांडायला हवं होतं.

ते पहिल्या तारखेला आले. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना घरी बोलावलं. ईशानं तो पिक्चर इंटरनेटवर शोधून टीव्हीवर लावला होता. बाबूराव इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सोफ्याच्या कडेला बसले. नावं सुरू झाली तसे ताठ झाले. पहिल्याच सीनमध्ये हिरॉइन बसस्टँडच्या प्याऊवर बसली होती आणि येईल त्याला पाणी देत होती. हमालाला, पोलिसाला, भांडून आलेल्या माणसाला.

"बस?" बाबूराव म्हणाले. "इतनीसी बात? ती सगळ्यांनाच देते?"

ईशा म्हणाली, "काका, मी तीन सुरुवाती लिहिल्या होत्या. एकात तर तो तिचा भाऊ होता."

"भाऊ बरा होता," बाबूराव म्हणाले, आणि हसायला लागले.

मग टीव्हीवरून त्यांची नजर हलली नाही. मी दिलेला चहाही गार झाला. शेवट जवळ आला तेव्हा एकाएकी उठले. मला वाटलं, पाय अवघडला असेल. त्यांनी खिडकीचा पडदा सारला, दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि एका बाजूला उभे राहिले.

"बाबूराव, बसा ना. संपला नाही अजून."

"तो पाहिलाय मी, ताई. तुम्ही बघा."

मी काय बघणार? मी त्यांच्याकडेच बघत राहिले. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

पिक्चर संपला. त्यांनी चपला घातल्या आणि ईशाला म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे, "अब घर पे बता देना, बेटा."

ईशा खळखळून हसली, तीन आठवड्यांनी. मला हसता आलं नाही. मी जिन्यापर्यंत गेले. कठडा धरून, एकेक पायरी मोजत ते उतरत होते, मागच्या गेटच्या दिशेनं.