चाळलेली राख

दवनीवाड्याच्या सुखवंता टेंभरेकडे पाणी मागून पिणं म्हणजे एक परीक्षाच असे. तुम्ही लोटा खाली ठेवायचा अवकाश, ती तो उचलून तुमच्यादेखत धानाच्या कोंड्याच्या राखेने घासायला बसायची. पाहुण्याला वाटावं, आपल्याला कसला रोग झालाय की काय! पण ती घरच्यांनाही सोडत नसे. राख लागली की उष्टं फिटलं, एवढंच तिचं शास्त्र. गावातल्या सगळ्या बायकांचं तेच होतं, सुखवंता फक्त दोन मुठी जास्त घ्यायची.

तिला विशीपासून दमा होता. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत खळ्यावर धानाची धूळ उडाली की ती ओसरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसायची, आणि तिच्या छातीची शिटी शेजारच्या घरात ऐकू जायची. आल्याचा रस झाला, धोतऱ्याच्या पानांचा धूर झाला, गळ्यात दोरे झाले. स्वतःच्या दम्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण तो मुलाला सोडून नेमका नातीला, गोमतीला लागला, हे मात्र तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. "माह्यंच दुखणं पोरीले गेलं," असं ती येईल त्याला सांगायची, जणू तिने ते हाताने दिलं होतं.

१९३९ साली मुलगा पुरनलाल दोघींना बैलबंडीत घालून गोंदियाच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे त्यांना एक काचेचा पंप मिळाला. मुठीएवढं काचेचं भांडं, मागे रबरी फुगा, पुढे तोंडात धरायचं टोक. आत औषधाचे थेंब टाकून फुगा दाबला की एका बारीक छिद्रातून औषधाचा धुक्यासारखा फवारा निघे. कंपाउंडर उदारामने तो कसा वापरायचा ते दाखवलं.

"श्वास आत घेतानाच फुगा दाबाचा, माय. सोडताना दाबला तं औषध हवेत गेलं."

"अन् लेकराले कसं समजल?" सुखवंताने विचारलं.

"लेकराले नाही समजत. तुमी तिच्या छातीकडं पाहा. छाती वर येऊन राहिली का दाबा. अन् झालं का धुऊन ठेवा."

कशाने धुवा, ते त्याने सांगितलं नाही. मला त्याचा राग येतो, पण त्या बिचाऱ्याला तरी कुठे सुचणार होतं? त्याच्या दवाखान्यात धुणं म्हणजे कोमट पाणी.

सुखवंताचा हात पंपावर लवकर बसला. सहा वर्षांच्या गोमतीला मांडीवर घेऊन ती म्हणायची, "तोंड उघड, बाई. घे आत." छाती वर आली की फुगा दाबायची. थोड्या वेळाने शिटी थांबायची आणि पोरगी खेळायला पळायची. पंप एकट्या गोमतीचा, म्हणून तो नुसत्या पाण्याने खळखळून फळीवर जायचा. सुखवंता स्वतः तो तोंडाला लावत नसे.

पौषात मात्र तिलाच जोराचा दमा आला. ओठ निळे पडले. पुरनलालने काही न विचारता पंप तिच्या तोंडात धरला आणि फुगा दाबला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिची छाती मोकळी झाली. बरं वाटून ती रडली. मग पंपाकडे पाहून तिचा चेहरा उतरला. आता तो उष्टा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंप घेऊन अंगणात बसली. काचेला ओरखडा पडू नये म्हणून तिने राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून तीनदा चाळली. पिठाहून मऊ झाली. त्या राखेने तिने पंप आतून-बाहेरून घासला, धुतला, उन्हात वाळवला. कधी कुणी इतक्या मायेने भांडं घासलं नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी गोमतीला खळ्यावर दमा आला. सुखवंताने तिला मांडीवर घेतलं, थेंब टाकले, फुगा दाबला. काहीच आलं नाही. तिला वाटलं, आपलीच वेळ चुकली. तिने पुन्हा छातीकडे पाहिलं, पुन्हा दाबलं. शिकवल्याप्रमाणे पोरगी तोंड उघडं ठेवून वाट पाहत होती. कितीतरी वेळ सुखवंता आपलाच हात चुकतोय असं समजून दाबत राहिली. मग पुरनलालने बंडी जुंपली. गोंदियाची घरं दिसायला लागली तेव्हा गोमतीने आईच्या, शामकलाच्या, मांडीवर जीव सोडला.

उदारामने पंप उजेडात धरला आणि छिद्रात बारीक तार घातली. करडा चिखल निघाला.

"हे काय होय?" पुरनलालने विचारलं.

सुखवंताने ते बोटावर घेतलं. तिला ओळखायला वेळ लागला नाही. "राख," ती म्हणाली.

शामकलाने तिला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पुरनलाल पंप तलावात फेकायला निघाला, तेव्हा सुखवंताने तो त्याच्या हातून घेतला, पाण्याने खळखळला आणि फळीवर ठेवला. पुढची चार वर्षं ती रोज तो कोमट पाण्याने धूत होती. भांड्यांना राख लावणं तिने सोडलं. पाहुण्याचा लोटा नुसत्या पाण्याने विसळायची. शेजारणी कुजबुजायच्या. दमा आला की ओसरीवर बसून काढायची, पंपाला हात लावू द्यायची नाही.

१९४३च्या चुरणीत तिला दमा आला तो उतरेना. दिवस कलायला आला होता. शामकलाने फळीवरून पंप काढला, पुरनलालने गोंदियाहून आणून ठेवलेल्या नव्या औषधाचे थेंब टाकले. आधी हवेत दाबून पाहिला. फवारा छान निघाला. मग ती सासूच्या छातीकडे पाहत बसली.

"आत्याबाई, तोंड उघडा. घ्या आत."

सुखवंताने ओठ घट्ट मिटून मान वळवली.

"काऊन असं करता वो?" शामकला रडायला लागली. "कोणी काही म्हटलं का तुमाले?"

सुखवंताने हाताने पंप हळूच बाजूला सारला. बोलायला तिला दोन श्वास लागले.

"उष्टा होईल," ती म्हणाली. "गोमतीचा आहे."