दोन थापांचं झाकण

आमच्या गाडीच्या पेट्रोलचं झाकण एकट्या माणसाला कधी उघडता आलंच नाही. मी सीटखालचा खटका ओढून धरायचा आणि त्याच वेळी बाहेर उभं राहून कुणीतरी झाकणावर दोन थापा मारायच्या, एक मधोमध, दुसरी मागच्या कोपऱ्यावर. हे 'कुणीतरी' म्हणजे माझी बायको. ज्वारीची भाकरी थापून थापून तिचा तळहात असा तयार झाला होता की पत्र्यालासुद्धा तिचं ऐकावं लागायचं. पंपावरची माणसं हसायची. ती म्हणायची, हसा हसा, तुमच्या घरी जमतंय का विचारून या.

मी जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. कुठला माग अडला की मला हाक. अशा माणसाला स्वतःच्या गाडीचं झाकण सरळ करता येत नाही, असं पाहुणे चिडवायचे आणि माझं डोकं फिरायचं. एकदोनदा पाना-पकड घेऊन बसलोही, पण तिनंच मला उठवलं.

"कशाला? मी हाय की," म्हणाली. "गाडीत सगळं तुमचंच. एवढं एक काम माझं असू द्या."

पकड परत पिशवीत गेली.

ती गेली तेव्हा टाकीत आम्ही दोघांनी मिळून भरलेलं थोडंसंच पेट्रोल उरलं होतं. मी गाडी झाकून ठेवली. भाजीला चालत, दवाखान्याला रिक्षानं. शेजाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले. थरथरत बिरथरत काही नव्हते. मला ते पेट्रोल संपवायचं नव्हतं, एवढंच.

पण दुधनीहून सासूबाईंचे फोन यायला लागले. नव्वदीला टेकलेली बाई. घरात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. आम्ही दोघं दर महिन्याला जायचो. गाडी थांबली की त्या दारातून आधी डावीकडची बाजू बघायच्या, लेक उतरते ती. ती गेल्यावर मी दुधनीला पाऊल टाकलं नव्हतं. डावीकडचं दार उघडत नाही म्हणून बघत बसलेल्या सासूबाई मला बघवल्या नसत्या. काही ना काही सबब सांगून मी दिवस ढकलत होतो. शेवटी एकदा त्या फोनवर म्हणाल्या, "पोरगी गेली म्हणून जावईबी गेले की काय?" मग मात्र येत्या रविवारी येतो म्हणालो.

शनिवारी गाडी काढली. काटा तळाला. पंपावर मी खटका ओढून धरला आणि तिथल्या माणसाला थापा मारायला सांगितल्या. त्यानं बुक्की मारली. झाकण ढिम्म. मागून हॉर्न सुरू झाले. अरे, भाकरी थापतात तसं मार, असं मी खिडकीतून सांगितलं, तर तो म्हणाला, आमच्यात कडक भाकरी विकत आणत्यात, काका. त्याच्यावर उगाच खेकसलो आणि तसाच घरी आलो. दारात खटक्याखाली लाकडाची पाचर अडकवून मी स्वतः थापा मारून बघितल्या. चाळीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली, पण तो हात काही माझ्या हातात उतरला नाही.

आता दुरुस्त केल्याशिवाय दुधनी नाही, हे कळून चुकलं. डिकी रिकामी केली, आतलं अस्तर सोडवलं आणि तोंडात टॉर्च धरून डोकं आत घातलं. हातानं ओढून बघितली तर तार ताणली जात होती. तारेच्या टोकाचा आकडाही बरोबर मागं सरत होता. म्हणजे तार चांगली, आकडा चांगला. मग दोष कुठं? झाकणाच्या आतल्या बाजूला बोटाएवढी पोलादी पाती असते. आकडा सुटला की ती झाकणाला बाहेर ढकलते. ती मोडून पडली होती. त्यामुळे आकडा सुटायचा, पण झाकण जागचं हलायचं नाही, आणि खटका सोडला की पुन्हा अडकायचं. तिच्या थापेनं ते उसळायचं, पाती करायची ते काम तिचा हात करत होता.

कारखान्यातून आणलेल्या जुन्या स्प्रिंगपट्टीचा एक तुकडा डब्यात होता. वाकवला, कापला, कानशीनं घासला, बसवला. बसवण्याआधी तो तसाच हातात धरून बराच वेळ थांबलो होतो, हेही सांगतो. मग सीटवर बसून खटका ओढला. टक्‌! झाकण उघडलं. माग पहिल्यांदा सुरळीत चालला की मला हटकून आनंद व्हायचा. आज झाला नाही. गाडीतच बसून रडलो. तिची इतकी आठवण मला तेराव्यालाही आली नव्हती.

रविवारी पेट्रोल भरून निघालो. अक्कलकोट मागं पडलं तरी रेडिओ लावला नाही. दुधनीला घरासमोर गाडी थांबवली तर सासूबाई दारात नव्हत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अगदी तोच. बंद गाडीत बसून मी ऐकत राहिलो, आणि हात आपोआप खाली जाऊन खटका कधी ओढला गेला, कळलंही नाही. मागं टक्‌ वाजलं.

पिठाचे हात तसेच घेऊन सासूबाई बाहेर आल्या. आधी डावीकडचं दार बघितलं. मग त्यांची नजर उघड्या झाकणावर गेली. लेकीचं ते काम त्यांना माहीत होतं, तिनं कितीदा कौतुकानं सांगितलं होतं. कुणी उघडलं म्हणून त्यांनी विचारलं. दुरुस्त केलं, आता एकट्यालाही उघडता येतं, असं मी सांगितलं.

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

"बरं झालं," म्हणाल्या. "उन्हात उतरायला लागायचं तिला."

मी हो म्हणालो आणि झाकण लावायला मागं गेलो. मधोमध एक थाप मारली, तेवढ्यानंच ते बसलं. तरीही कोपऱ्यावरची दुसरी मी मारलीच.